राजाची आई, राजाची आजी

गुढीपाडवा आला की आमच्या घरी ती गोष्ट निघतेच. पैठणच्या कुंभारवाड्यात एक पोर वाढत होतं. मातीचे हत्ती, घोडे, शिपाई करून दिवसभर खेळायचं. शत्रू गावावर चालून आला तेव्हा त्यानं त्या मातीच्या सैन्यात जीव भरला आणि लढाई जिंकली. तो शालिवाहन. लग्नपत्रिकेवर शके छापतो तेव्हा आपण त्याचंच नाव घेतो. लहानपणी ही गोष्ट ऐकताना मी आजीला एकदा विचारलं होतं, की त्या पोराच्या आईचं नाव काय? आजीनं माझ्या तोंडात कडुनिंबाचा पाला कोंबला आणि प्रश्न तिथेच राहिला.

गोष्टीतल्या आईचं नाव आजीला ठाऊक नव्हतं. पण ज्या सातवाहन घराण्यावरून ही गोष्ट जन्माला आली, त्या घराण्यातल्या सगळ्यात पराक्रमी राजाच्या आईचं नाव आपल्याला ठाऊक आहे, कारण ते तिनं स्वतः खडकात कोरून घेतलं. गौतमी बलश्री. शाळेत आपण सगळ्याजणींनी गौतमीपुत्र सातकर्णी हे नाव पाठ केलेलं असतं. त्यातली गौतमी ती हीच. २०१७ साली तेलुगूत त्या राजावर मोठा खर्चिक सिनेमा निघाला, त्यात हेमामालिनीनं तिची भूमिका केली होती. सिनेमा म्हटलं की तलवारी आणि घोडेच जास्त असणार. मला मात्र तिच्याबद्दल वाचताना घोड्यांपेक्षा एका पडीक शेताचीच आठवण जास्त येत राहते. ते शेत पुढे येईल.

नाशिकच्या दक्षिणेला सात-आठ किलोमीटरवर पांडवलेणी आहेत. पांडवांचा त्यांच्याशी काही संबंध नाही. खडकात कोरलेलं जे जे दिसेल ते पांडवांनी एका रात्रीत केलं, असं म्हणायची आपल्याकडे रीतच आहे. या डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी आणि लेणी बौद्ध भिक्खूंची, एकूण चोवीस. त्यातलं तिसऱ्या क्रमांकाचं लेणं बलश्रीनं करवलं. तिची सारी हकिगत त्या लेण्याच्या ओसरीत आहे. अक्षरं ब्राह्मी, भाषा प्राकृत, म्हणजे आपल्या मराठीची पणजीच म्हणा. एकोणिसाव्या शतकात पंडित भगवानलाल इंद्रजी आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारख्या विद्वानांनी ते लेख लावले, पुढे महामहोपाध्याय वा. वि. मिराशींनी या घराण्याचे सगळे कोरीव लेख मराठीत आणून आपल्यासारख्यांची सोय करून ठेवली.

आधी तिच्या नावाविषयी. गौतमी म्हटल्यावर मला वाटायचं, गोदावरीवरून ठेवलेलं नाव असणार. आमच्या परभणी जिल्ह्यात पाथरीपासून गंगाखेड, पालम, पूर्णेपर्यंत गोदावरीला सगळे गंगाच म्हणतात, पण पोथीत तिचं नाव गौतमी आहे. तर तसं नाही. बलश्री हे तिचं नाव आणि गौतमी हे तिच्या माहेरच्या गोत्रावरून आलेलं. लग्न होऊन ती सातवाहनांच्या घरात गेली तरी माहेरचं गोत्र तिच्याबरोबर राहिलं आणि पुढे मुलाच्या नावाच्या आधी जाऊन बसलं. तिची सून वासिष्ठी, म्हणून नातू वासिष्ठीपुत्र. यावरून काहीजणी उत्साहानं सांगतात, की त्या काळी आपल्याकडे बायकांचं राज्य होतं. मला ते पटत नाही. गादी बापाकडून मुलाकडेच जात होती. राजाला राण्या अनेक असत, कोणता मुलगा कोणत्या राणीचा हे ओळखायला आईचं नाव उपयोगी पडत असणार. तरी आजच्या घराकडे पाहिलं, तर लग्नानंतर मधलं नाव, आडनाव आणि कुठेकुठे पहिलंसुद्धा बदलून टाकायची जी घाई असते, तिच्यापेक्षा ते बरंच म्हणायचं.

ती ज्या जगात सून म्हणून आली ते जग आपल्याच गंगेच्या काठचं होतं. राजधानी पैठण, तेव्हाचं प्रतिष्ठान. पैठणचा मुलूख तो मूलक आणि नदीनं खाली गेलं की अश्मक. अश्मकाची राजधानी तेलंगणातल्या बोधनजवळ होती असं अनेक अभ्यासक मानतात, म्हणजे आपला परभणी-नांदेडचा पट्टा या दोन देशांच्या मधोमध पडतो. बलश्रीच्या लेखात मुलाच्या ताब्यातल्या देशांची यादी आहे, तिच्यात ही दोन्ही नावं आहेत.

हे जग मागासलेलं होतं असं कुणी समजू नये. त्याच सुमाराला एका ग्रीक खलाशानं हिंदी महासागरातल्या बंदरांची माहिती लिहून ठेवली आहे. भडोचहून दक्षिणेला वीस दिवस चाललं की पैठण, तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर, असं तो सांगतो. पैठणहून गोमेदासारखे दगड आणि तेरहून सुती कापड, साध्या धडोतीपासून तलम मलमलीपर्यंत, गाड्या भरभरून भडोचला जात आणि तिथून जहाजात चढत. जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला १९७०च्या दशकात उत्खनन झालं तेव्हा हस्तिदंती स्त्रीमूर्तीचा तुकडा मिळाला. अगदी त्याच घडणीची मूर्ती इटलीतल्या पाँपेई गावात १९३८ साली सापडली होती, आणि पाँपेई तर इ.स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे आपल्या मराठवाड्यातल्या कारागिरांच्या हातची वस्तू तेव्हा रोमन घरात शोभेला ठेवलेली असण्याची दाट शक्यता आहे.

घरातलं म्हणाल तर त्या काळच्या वस्त्यांत खणताना पाय असलेले दगडी पाटे मिळतात, शंखाच्या आणि काचेच्या बांगड्या, मातीचे मणी, खेळणी मिळतात. सांडपाण्यासाठी भाजलेल्या मातीची कडी एकावर एक रचून जमिनीत उतरवलेली सापडतात. ग्रामस्वच्छता अभियानात आम्ही गावोगाव शोषखड्ड्यांचे धडे देत हिंडलो, तेव्हा आपण नवं काही शिकवतोय असा माझा समज होता!

अशा भरल्या घरावर संकट आलं ते पश्चिमेकडून. क्षहरात नावाचं शक घराणं गुजरातेतून खाली सरकलं. त्यांचा राजा नहपान. त्यानं नाशिक घेतलं, जुन्नर घेतलं, कार्ल्यापर्यंतचा मुलूख घेतला. हे भांडण नुसतं जमिनीचं नव्हतं. घाटातल्या वाटा आणि कोकणातली बंदरं ज्याच्या हाती, त्याच्याकडे जकात जाणार. तो ग्रीक खलाशी लिहितो, की कल्याण बंदर पूर्वी चालतं होतं, पण आता तिथे चुकून एखादं परदेशी जहाज लागलं तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. पैठणचं कापड आणि दगड यांच्या गळ्यालाच नख लागलं होतं म्हणायचं.

गंमत अशी, की शत्रू म्हणून ज्यांची नावं आपण घेतो, त्यांच्या दानांचे लेखही त्याच त्रिरश्मी डोंगरात आहेत. नहपानाचा जावई उषवदात, म्हणजे ऋषभदत्त, यानं दहाव्या क्रमांकाचं लेणं करवलं. नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या, धर्मशाळा बांधल्या, नारळाची रोपं दान दिली. भिक्खूंच्या कपड्यांसाठी त्यानं गोवर्धन गावातल्या विणकरांच्या श्रेणीकडे दोन हजार कार्षापण नाणी ठेव म्हणून ठेवली, व्याज महिना शेकडा एक. आमच्या बचत गटातल्या बायकांना मी हा हिशेब घातला होता. दोन हजारांवर महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस. वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा नाणी कापडासाठी, बरोबर दोनशे चाळीस! आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन आहे हे लगेच एकीच्या ध्यानात आलं, आणि मग ती बैठक निम्मी त्याच वादात गेली.

उषवदाताची बायको दक्षमित्रा, नहपानाची मुलगी. तिनंही तिथे एक खोली दान दिली आहे. लेखात तिला ओवरक म्हटलंय, आपण ओवरी म्हणतो. बलश्री आणि दक्षमित्रा एकमेकींना कधी भेटल्या नसतील. एकीच्या मुलानं दुसरीच्या बापाचं राज्य बुडवलं, आणि आज दोघींची नावं एकाच डोंगरात, चालत पाच मिनिटांच्या अंतरावर आहेत.

गौतमीपुत्रानं राज्याच्या अठराव्या वर्षापर्यंत नहपानाचा पुरता बीमोड केला होता. त्याचा पुरावा १९०६ साली नाशिकजवळच्या जोगलथेंबी गावात हंड्यातून बाहेर आला. चांदीची तेरा हजारांहून जास्त नाणी. सगळी नहपानाची, राजाचा चेहरा असलेली. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्रानं आपले छाप मारलेले, कुठे नाकावर, कुठे गालावर. नाणी वितळवली नाहीत, गोळा करून बंद केली नाहीत, त्याच नाण्यांवर आपला छाप उमटवून ती बाजारात पुन्हा सोडली. हातोहात फिरणारं नाणंच बाजारात सांगत गेलं, की धनी बदलला.

त्याच अठराव्या वर्षी, विजयी सैन्याची छावणी पडलेली असताना, राजानं गोवर्धनच्या अमात्याला हुकूम धाडला. अमात्याचं नाव विष्णुपालित. काखडी गावातलं दोनशे निवर्तनं शेत, जे आजवर उषवदाताकडे होतं, ते त्रिरश्मीवरच्या भिक्खूंना द्यावं. निवर्तन हे त्या काळचं जमिनीचं माप. शेताला सगळ्या सवलती दिल्या. राजाच्या माणसांनी त्यात पाय टाकायचा नाही, मिठासाठी खणायचं नाही, शिपायांनी त्रास द्यायचा नाही. हा हुकूम ओसरीच्या पूर्वेकडच्या भिंतीवर कोरला आहे. नव्या राजानं पहिल्या झटक्यात काय केलं, तर शत्रूची जमीन धर्माला लावली. राजकारण म्हणून हे चोख आहे.

पुढची सहा वर्षं गेली. चोविसाव्या वर्षी त्याच भिंतीवर दुसरा हुकूम आला. आता गोवर्धनचा अमात्य बदलला होता, श्यामक नावाचा. आणि हुकूम देणारेही आता दोघं होते, राजा गौतमीपुत्र आणि त्याच्या बरोबरीनं राजमाता. मजकूर असा, की आम्ही पूर्वी या भिक्खूंना काखडी गावातलं शेत दिलं होतं, पण ते शेत कसलं जात नाही आणि गावात वस्तीही राहिलेली नाही. तेव्हा नगराच्या शिवेवर आमचं जे खासगी गाव आहे, त्यातली शंभर निवर्तनं त्याच्याऐवजी द्यावी.

मैत्रिणींनो, मला तिच्या आयुष्यातली ही सगळ्यात मोठी गोष्ट वाटते. लढाई जिंकून सहा वर्षं झाली, दान देऊन सहा वर्षं झाली, भिंतीवर अक्षरं कोरून झाली. आणि शेत पडीक! गाव उठून गेलेलं! का उठलं ते हुकुमात नाही. पण दोन राजांच्या मधल्या मुलखातलं गाव ते, बैल कोणी नेले असतील, बी-बियाणं कोणी खाल्लं असेल, माणसं कुठे पांगली असतील, हे सांगायला पंडित कशाला हवा? दुष्काळात टाळं ठोकून ऊसतोडीला गेलेली गावं आपण पाहिली आहेत, लढाईनं उठलेलं गाव याहून वेगळं काय असणार. दान कागदावर चालू होतं आणि भिक्खूंच्या पदरात काही पडत नव्हतं. ही तक्रार कुणीतरी वर पोचवली, आणि ती ऐकून दुरुस्त करणाऱ्यांत राजाची आई होती. दोनशेच्या जागी शंभर निवर्तनंच दिली, हेही खरं. पण ती पिकणारी, गावाजवळची. दोनशे पडीकपेक्षा शंभर पिकती बरी, हा बाईमाणसाचा हिशेब मला तरी त्यात दिसतो.

हा हुकूम तोंडी दिला गेला आणि तो टिपून घेण्याचं काम लोटा नावाच्या प्रतिहारीनं केलं. प्रतिहारी म्हणजे दारावरची रक्षक. लेखातलं तिच्या पदाचं रूप स्त्रीलिंगी आहे, म्हणजे ही लोटा बाई होती. राजवाड्याच्या दारावर बाई, हुकूम देणाऱ्यांत बाई. अंतःपुराच्या पडद्याआडून हलणारा हात असं आपण राजघराण्यातल्या बायकांबद्दल वाचत असतो. इथे तर सरकारी कामाच्या नोंदीत त्यांची नावं आहेत.

याच हुकुमात बलश्रीसाठी एक शब्द वापरला आहे, जीवसुता. जिचा मुलगा जिवंत आहे ती. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हा शब्द मला खटकला. मुलगा राजा आहे, हुकूम त्याच्याच नावानं निघतोय, मग तो जिवंत आहे हे वेगळं सांगायचं कशाला? सौभाग्यवतीसारखा तो मानाचा शब्द असेल. काही अभ्यासकांचा तर्क असा, की राजा तेव्हा आजारी असावा, म्हणून आईला कारभारात हात घालावा लागला. एवढं खरं, की गौतमीपुत्राच्या कारकिर्दीचं आपल्याला माहीत असलेलं शेवटचं वर्ष हेच, चोविसावं. हा शब्द भिंतीवर कोरला गेला आणि लवकरच खोटा झाला असावा.

गंगेकाठच्या एका गावात आम्ही नवा गट बांधत होतो. नावं लिहून घेताना एक म्हातारी पुढे आली आणि स्वतःचं नाव सांगायच्या ऐवजी अमक्याची माय म्हणून लिही म्हणाली. अमक्या दोन वर्षांपूर्वी गेला होता. कर्जापायी. शेत तेव्हापासून पडीक, सून तरणी, दोन नातवंडं. मी म्हटलं, मावशी, तुमचं नाव सांगा. तिला क्षणभर आठवावं लागलं. वारसाची नोंद करून घेण्यासाठी नंतर आम्ही तिच्याबरोबर बरेच हेलपाटे घातले, आणि ते शेत पुढच्या मृगात पेरलं ते म्हातारीनंच, नातवाला बांधावर उभा करून. जीवसुता हा शब्द वाचला की मला ती आठवते, याला माझा इलाज नाही.

बलश्रीचाही नातू गादीवर आला, वासिष्ठीपुत्र पुळुमावी. आणि त्याच्या राज्याच्या एकोणिसाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, तेराव्या दिवशी तिनं आपलं लेणं भिक्खूसंघाला अर्पण केलं. सातवाहन शक वापरत नसत, आपापल्या राज्याची वर्षं मोजत, आणि वर्षाचे ऋतू तीनच धरत. त्या हिशेबानं हे दिवस साधारण चैत्रातले, पाडव्यानंतरचे येतात. मुलाची चोवीस वर्षं आणि नातवाची एकोणीस, बेरीज त्रेचाळीस. मुलगा वीस वर्षांचा असताना गादीवर बसला असं धरलं, तरी लेणं झालं तेव्हा ती ऐंशीच्या घरात होती. हातात काठी असेल, नजर अधू झाली असेल. डोंगर चढून गेली असेल का, डोलीतून नेली असेल का, कोण जाणे.

लेणं मोठं आहे. आत प्रशस्त चौक, तीन बाजूंनी दगडी बाक, भोवती भिक्खूंच्या अठरा खोल्या आणि ओसरीच्या टोकांना आणखी दोन. पुढचे खांब जणू बुटक्या यक्षांनी खांद्यावर तोलून धरलेत. उषवदाताच्या दहाव्या लेण्याशी ताडून पाहिलं, तर त्याच धाटणीचं पण वरचढ करायचा विचार स्पष्ट दिसतो. शेजारणीच्या पैठणीहून आपली पैठणी काकणभर सरस असावी, तसंच.

आणि ओसरीच्या मागच्या भिंतीवर अकरा लांबलचक ओळी. दान एका वाक्यात संपतं, बाकी सगळा मजकूर मुलाचा. त्याचा चेहरा कसा होता, सकाळी सूर्यानं उमलवलेल्या कमळासारखा. चाल कशी होती, हात कसे होते. त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं होतं. शक, यवन, पल्हव यांना त्यानं मोडलं, क्षहरातांचं मूळ उपटलं, सातवाहन कुळाचं गेलेलं यश परत आणलं. कर घेतला तो न्यायानं. अपराधी शत्रूचाही जीव घ्यायला तो नाखूश असे. प्रजेच्या सुखदुःखाला आपलं मानी. आणि आईची सेवा त्यानं कधी चुकवली नाही. आता आईच लिहिते म्हटल्यावर थोडं डावं-उजवं धरायला हवं. पण एकोणीस वर्षांनंतर मुलाचा चेहरा आधी आठवणं आणि लढाया मग आठवणं, हे दरबारातल्या कवीनं रचलं असेल तरी त्याच्या मागे बसून कुणी सांगितलं असेल ते मला कळतं.

त्या ओळींत मला न रुचणारंही आहे. मुलानं चार वर्णांची सरमिसळ थांबवली, हे ती मोठ्या अभिमानानं नोंदवते. त्याला ब्राह्मणांत अद्वितीय म्हणते आणि लेणं देते ते मात्र बौद्ध भिक्खूंना, भद्रयानीय पंथाच्या. त्या लोकांना यात विसंगती वाटली नसावी. आणि एवढ्या सगळ्या जयघोषात नवऱ्याचं नाव नाही. ती स्वतःला महादेवी म्हणते, महाराजाची आई म्हणते, महाराजाची आजी म्हणते. सत्य, दान, क्षमा, अहिंसा, उपासतापास यांत आयुष्य घालवलेली, राजर्षीच्या घरची सून शोभेल अशी वागलेली, एवढं स्वतःबद्दल. सुनेचंही नाव नाही. वासिष्ठी आपल्याला कळते ती तिच्या मुलाच्या नावावरून. सासूनं कोरलेल्या अकरा ओळींत सुनेला अर्धी ओळ मिळू नये, यात काय नवल, असं आमच्या गटातली एक म्हणाली आणि सगळ्या हसल्या. काखडी गावाचाही उल्लेख या ओळींत नाही. तीन समुद्रांचं पाणी पिणारे घोडे दर्शनी भिंतीवर आणि ओस पडलेलं गाव बाजूच्या भिंतीवर, पण दोन्ही एकाच ओसरीत.

नातवानं त्यात आपली भर घातली. आजीचं मन राखावं, तिला बरं वाटावं म्हणून लेण्याच्या सजावटीसाठी त्यानं डोंगराच्या नैर्ऋत्येचं पिसाजिपदक नावाचं गाव लावून दिलं आणि त्या दानाचं पुण्य आपल्या बापाच्या नावे सोडलं. आजीसाठी या लेखात आलेला प्राकृत शब्द अय्यका. म्हणून पाहा दोन-तीनदा, आपली आजी आणि अज्जीही त्याच घराण्यातली आहे. एका लेण्यात आजी, नातू आणि गेलेला मुलगा असे तिघं एकत्र आले. तीन वर्षांनी, बाविसाव्या वर्षी, तिथेच आणखी एक हुकूम कोरला गेला. एकोणिसाव्या वर्षी दिलेलं सुदर्शन नावाचं गाव बदलून त्याच्याऐवजी शाल्मलीपद्र गाव द्यावं. म्हणजे जमिनीच्या अदलाबदलीचं काम नातवालाही चुकलं नाही. बलश्री तेव्हा हयात होती की नाही, हुकुमात तिचं नाव नाही.

क्षहरातांचं मूळ उपटलं तरी शकांचं दुसरं घराणं उज्जैनीला उभं राहिलं, कार्दमकांचं. त्यांचा राजा रुद्रदामन. गिरनारच्या पायथ्याशी खडकावर त्याचा इ.स. १५० च्या सुमाराचा लेख आहे. दक्षिणापथाच्या सातकर्णीला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून त्याला समूळ नष्ट केलं नाही, असं तो त्यात सांगतो. नातं कुठलं, ते मुंबईजवळच्या कान्हेरीत कळतं. तिथे पाण्याच्या टाक्यापाशी एक लेख आहे, संस्कृतातला. टाकं सतेरक नावाच्या अमात्यानं दिलेलं. त्यात वासिष्ठीपुत्र सातकर्णीच्या राणीचा उल्लेख आहे. या सातकर्णीला बहुतेक अभ्यासक पुळुमावीचा भाऊ मानतात, म्हणजे बलश्रीचा दुसरा नातू. आणि त्याची राणी कार्दमकांच्या घरातली, शकांच्या महाक्षत्रपाची मुलगी. वर्णांची सरमिसळ मुलानं थांबवली म्हणून जिनं खडकावर लिहून ठेवलं, तिच्या घरात शकांची लेक नातसून होऊन आली. दोन घराण्यांची भांडणं तिच्या पदराला बांधून तिला धाडलं असणार, तशा लेकी पूर्वी धाडल्याच जात. कान्हेरीचा तो लेख आता तुटलेला आहे. बापाच्या नावाचं रु हे पहिलं अक्षर तेवढं वाचता येतं. मुलीचं नाव त्यात मिळत नाही.